तलवारीचा सत्याग्रह आणि विनाशस्त्र संविधान

१९२७ सालच्या मे महिन्यात, विदर्भाच्या उन्हात बाहेर पडायला माणूस धजत नाही अशा दिवसांत, नागपूरच्या रस्त्यांवर स्वयंसेवक तलवारी घेऊन निघाले. तलवारी काठीत दडवलेल्या नव्हत्या की अंगरख्याखाली झाकलेल्या नव्हत्या. त्या सगळ्यांना दिसाव्यात, विशेषतः पोलिसांना दिसाव्यात, हाच हेतू होता. पुढारी होते मंचरशा आवारी. घराणं पारशी, राजकारण काँग्रेसचं, आणि नागपूरकरांच्या तोंडी नाव ‘जनरल आवारी’. त्यांनी मोडायला घेतलेला कायदा होता १८७८ चा शस्त्र कायदा. परवान्याशिवाय तलवार बाळगणं हा गुन्हा असेल, तर तो गुन्हा दिवसाढवळ्या, चारचौघांत, नाव-गाव सांगून करायचा आणि शिक्षा भोगायची, असा हा लढा.

स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात नागपूर म्हटलं की १९२३ चा झेंडा सत्याग्रह आठवतो. तलवारीचा सत्याग्रह मात्र एखाद्या ओळीत उरकला जातो. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. शस्त्र बाळगणं हा नागरिकाचा हक्क आहे की सरकारची मेहेरबानी, हा प्रश्न आपल्या मध्य प्रांतात रस्त्यावर विचारला गेला. एकवीस वर्षांनी तोच प्रश्न याच प्रांताच्या एका प्रतिनिधीने संविधान सभेत उभा केला. त्याला मिळालेल्या उत्तरावर आपण आजही चालतो आहोत.

हा कायदा कुठून आला ते पाहायला नागपूरच्याही पूर्वेला, झाडीपट्टीत जावं लागतं. गोंदियाहून बालाघाटच्या वाटेला लागलं की चार-पाच किलोमीटरवर नागरा लागतं. जुनं शिवमंदिर, महाशिवरात्रीची मोठी यात्रा, चहूकडे धानाच्या बांध्या. आज हे गाव गोंदिया जिल्ह्यात आहे, पण हा जिल्हाच १९९९ सालचा. त्याआधी सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात, आणि त्याही आधी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. नागऱ्याच्या पंचक्रोशीत कामठा ही मोठी जमीनदारी होती. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, अप्पासाहेब भोसले हरले, पुढे इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटले. त्या धामधुमीत, १८१८ साली, कामठ्याच्या चिमणा पटेलांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं. ते मोडायला कंपनीला फौज पाठवावी लागली आणि कामठा लढून घ्यावा लागला. गढी, शिबंदी, बंदुका, तलवारी हे सगळं तेव्हा जमीनदाराच्या घरचं असे. सरकार एका बाजूला आणि शस्त्र बाळगणारा जमीनदार दुसऱ्या बाजूला, आणि दोघांमध्ये फरक फक्त बळाचा.

ही स्थिती इंग्रजांना पुढे परवडणारी नव्हती. १८५४ साली नागपूरचं राज्य खालसा झालं. तीनच वर्षांनी उत्तरेत उठाव झाला आणि त्याच्या झळा नागपूरच्या फलटणींपर्यंत पोहोचल्या. उठावाच्या पाठोपाठ नि:शस्त्रीकरणाचे कायदे आले, पहिला १८५७ मध्येच आणि दुसरा १८६० मध्ये. त्या सगळ्याला पक्कं रूप दिलं व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याने. बंदूक, तलवार, भाला, कट्यार, जवळ ठेवायचं तर परवाना हवा. परवाना द्यायचा की नाही ते साहेब ठरवणार. गोऱ्यांना मात्र नियमांतून माफी. एकाच रस्त्याने जाणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला कमरेला पिस्तूल लावायला कुणी विचारत नसे, आणि दुसऱ्याच्या घरातली आजोबांची तलवारही गुन्हा ठरे.

१८७८ हे साल झाडीपट्टीने विसरू नये असं आहे. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आला, आणि त्याच वर्षी भारतीय वन कायदाही झाला. जीभ, रान आणि हत्यार, तिन्हींवर एका वर्षात पहारा बसला. शहरातल्या शिकलेल्या माणसाला वर्तमानपत्रांचा कायदा जास्त बोचला, आणि तो लॉर्ड रिपनच्या काळात, १८८२ साली, रद्दही झाला. रानाच्या कडेला राहणाऱ्या गोंड, हलबा, पोवार, कुणबी शेतकऱ्याला उरलेले दोन कायदे रोजच्या जगण्यात भिडले. ज्या जंगलातून रानडुक्कर धानात उतरायचं ते जंगल सरकारचं झालं, आणि त्याला हुसकायची बंदूक परवान्याची झाली.

काँग्रेसने हे दुखणं सुरुवातीपासून मांडलं. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात शस्त्र कायद्याविरुद्ध ठराव आला आणि बिपिनचंद्र पाल त्यावर तडफेने बोलले. काँग्रेसच्या व्यासपीठावरचं त्यांचं ते पहिलंच भाषण. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात खुद्द गांधीजींनी लिहिलं होतं की ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांत सगळ्या राष्ट्राला नि:शस्त्र करणारा कायदा इतिहासात सर्वांत काळा ठरेल. अहिंसेच्या उपासकाने असं का लिहावं, याचं अनेकांना नवल वाटतं. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्याच्या हातात शस्त्र धरण्याची मुभाच नाही त्याने ते खाली ठेवलं, याला काय अर्थ? अहिंसा ही निवड असावी, नाइलाज नसावा.

तरीही १९२७ मध्ये आवारींच्या तलवारींना गांधीजींचा आशीर्वाद मिळाला नाही. बंगालमध्ये त्या वेळी अनेक तरुण खटल्याशिवाय स्थानबद्ध होते. सुभाषचंद्र बोस मंडालेच्या तुरुंगात खंगून त्याच मे महिन्यात सुटले होते, पण बाकीचे आतच होते. या बंदींच्या सुटकेची मागणी आणि शस्त्र कायद्याचा भंग या दोन गोष्टी आवारींनी एकत्र बांधल्या. मार्चमध्ये प्रकृती ढासळल्यामुळे गांधीजी म्हैसूर संस्थानात नंदीच्या टेकडीवर विश्रांती घेत होते. तिथूनच त्यांनी ‘यंग इंडिया’त आपली नापसंती कळवली. हातात तलवार घेऊन केलेला कायदेभंग त्यांच्या सत्याग्रहाच्या कल्पनेत बसत नव्हता. कायदा अन्याय्य आहे हे मान्य, आवारींची हिंमतही मान्य, पण शस्त्राचं प्रदर्शन आणि सत्याग्रह यांची सांगड त्यांना मंजूर नव्हती.

मला इथे दोघांचीही बाजू समजते, पण मन आवारींकडे झुकतं. मीठ उचलणारा माणूस मिठाचा कायदा मोडतो. शस्त्राचा कायदा मोडायचा तर शस्त्रच उचलावं लागणार, दुसरी वाट कुठली? त्या तलवारी कुणाच्या अंगावर चालवायच्या नव्हत्या. पोलीस आले की पकडून घ्यायचं, एवढाच कार्यक्रम होता. आवारींना चार वर्षांची सक्तमजुरी झाली. तुरुंगातही ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी तिथे दीर्घ उपोषण केलं. तलवार घेऊन तुरुंगात गेलेला माणूस आत जाऊन गांधींचंच हत्यार उचलतो, यावरूनच त्या काळचं नागपूर दोन प्रवाहांच्या किती मधोमध उभं होतं ते कळावं.

तलवारीचा सत्याग्रह विझला, मागणी विझली नाही. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, मोतीलाल नेहरूंच्या समितीने भावी राज्यघटनेचा जो आराखडा मांडला त्यात शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत होता, त्यासाठी केलेल्या नियमांना धरून. १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या त्यांत मीठ होतं, शेतसारा होता, दारूबंदी होती, आणि स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत, त्यावर लोकांचं नियंत्रण असावं, हीही मागणी होती. १९३१ च्या मार्चमध्ये कराची अधिवेशनाने मूलभूत हक्कांचा ठराव केला. त्यातही नियम आणि अपवाद सांभाळून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला देण्याचं वचन होतं. आपलं राज्य येईल तेव्हा हा हक्क मिळेल, असं काँग्रेसने देशाला लिहून दिलं होतं म्हणा ना.

आपलं राज्य आलं. संविधानाच्या मसुद्यात मात्र हा हक्क नव्हता.

१९४८ च्या डिसेंबरच्या अगदी सुरुवातीला संविधान सभेत मसुद्याचं तेरावं कलम चर्चेला आलं. पुढे हेच संविधानाचं १९ वं कलम झालं. भाषण, सभा, संघटना, संचार वगैरे स्वातंत्र्यं त्यात होती. हरी विष्णू कामत यांनी त्यात भर घालणारी दुरुस्ती मांडली: शस्त्र बाळगण्याचा हक्क. कामत मूळचे मंगळूरचे, पण सभेत आले होते मध्य प्रांत-वऱ्हाडातून. आधी ते आयसीएस अधिकारी होते आणि याच प्रांतात त्यांनी नोकरी केली होती. ती सोडून ते सुभाषबाबूंबरोबर गेले. परवाने देणारा हात कसा चालतो ते त्यांनी आतून पाहिलं होतं आणि तुरुंगाची बाजूही पाहिली होती. दुरुस्ती मांडताना ते चांगलेच आवेशात होते.

उत्तर दिलं डॉ. आंबेडकरांनी. काँग्रेसने हा हक्क मागितला होता, हा इतिहास आहे, तो कुणी नाकारू शकत नाही, असं त्यांनी आधीच मान्य केलं. पण ठराव ज्या परिस्थितीत झाले ती परिस्थिती आता उरली नाही, असं ते म्हणाले. परक्या सरकारने शस्त्रं काढून घेतली ती शांततेसाठी नव्हे, तर गुलाम प्रजेने उठाव करू नये म्हणून. ते कारण आता संपलं. आणि उद्या प्रत्येक माणूस बाजारात जाऊन हवं ते हत्यार विनाअडथळा विकत घेऊ लागला, तर राज्यकारभार चालवायचा कसा? चोर-दरोडेखोरांनाही मग तोच हक्क मिळेल. नागरिकाच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा, वेळ आली तर देशासाठी शस्त्र धरण्याच्या त्याच्या कर्तव्यावर भर द्यायला हवा, असंही त्यांनी सांगितलं. कामतांची दुरुस्ती नामंजूर झाली.

आज १९ व्या कलमाच्या पहिल्या खंडात उपखंड (ख) वाचला की त्या दिवशीचा निर्णय दोन शब्दांत सापडतो: शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. म्हणजे आपल्या संविधानाने शस्त्राबद्दल मौन बाळगलं असं नाही. जमा, पण हत्याराशिवाय जमा, असं ते स्पष्ट सांगतं. शिखांच्या कृपाणाला मात्र २५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात जागा मिळाली, कारण तो धर्मपालनाचा भाग आहे.

या निर्णयात काय सोडलं गेलं ते नीट दिसायला अमेरिकेकडे एक नजर टाकावी लागते. तिकडे राष्ट्राच्या संविधानाखेरीज प्रत्येक राज्याचं स्वतःचं वेगळं संविधान असतं, आणि त्यांतल्या बहुतेकांत शस्त्राचा हक्क लिहिलेला आहे. पेनसिल्व्हेनियाने तो १७७६ मध्येच लिहिला, राष्ट्राचं संविधान तयार होण्याच्याही आधी. केंटकी राज्याने १८१३ साली छुपी हत्यारं बाळगण्यावर बंदी घातली. त्या यादीत पिस्तूल होतं, सुरा होता, आणि काठीत लपवलेली तलवारही होती. आपण जिला गुप्ती म्हणतो तीच. वरून पाहावी तर म्हाताऱ्याची काठी. मूठ फिरवून ओढली की आतून हातभर अरुंद पातं बाहेर येतं. अशी गुप्ती बाळगल्याबद्दल ब्लिस नावाच्या माणसाला दंड झाला. १८२२ साली केंटकीच्या न्यायालयाने तो दंड रद्द केला आणि बंदीही घटनाबाह्य ठरवली. राज्याच्या संविधानाने नागरिकाचा हक्क प्रश्नापलीकडचा ठेवला आहे, तेव्हा विधिमंडळाला तो उघडा-छुपा असा कापता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. लोकांना ते पटलं नाही. १८५० मध्ये नवं संविधान करताना केंटकीने छुप्या हत्यारांवर कायदा करण्याचा अधिकार विधिमंडळाला मुद्दाम लिहून दिला. ती चर्चा दोनशे वर्षांनंतरही थांबलेली नाही. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्याचा, घराबाहेर पिस्तूल नेण्यासाठी खास कारण मागणारा, शंभर वर्षांहून जुना नियम रद्द केला.

आपल्याकडे असा खटला उभाच राहू शकत नाही. राज्यांना वेगळी संविधानं नाहीत, आणि शस्त्रं व दारूगोळा हा विषय संघसूचीत पाचव्या क्रमांकावर, म्हणजे केंद्राच्या हातात आहे. हक्कच नसेल तर तो उघडा की छुपा, हा वाद पुढचा. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना बंदुकांच्या एका प्रकरणात हेच पुन्हा नमूद केलं: अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क भारतात कुणालाही नाही.

लिटनचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षं पुस्तकात राहिला. नवा शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. आवारींचा विचार करताना त्यातला एक बदल मला मोलाचा वाटतो. तलवारीसारख्या धारदार हत्यारांना सरसकट परवान्याच्या जाळ्यातून बाहेर काढलं गेलं. सरकार अधिसूचना काढील त्या भागातच त्यांना परवाना लागतो. अशा ठिकाणी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं नियमात येतात, आणि यादीत तलवारीपाठोपाठ गुप्तीचंही नाव आहे. शेतीच्या आणि घरकामाच्या अवजारांना सूट आहे. विळा, कोयता, कुऱ्हाड घेऊन बांधीकडे निघालेल्या माणसाला कुणी अडवू नये, एवढी समज त्या नियमात आहे.

बंदुकीचा प्रकार वेगळा. परवाना मिळाला तरी ती मिरवता येत नाही. आताच्या नियमांनुसार सार्वजनिक जागी ती म्यानात, पिशवीत किंवा नीट झाकूनच न्यायची. हवेत नाचवायची नाही. परवान्याच्या जुन्या अटींत तर स्पष्ट होतं की खास परवानगीशिवाय जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा जमावात हत्यार न्यायचं नाही. केंटकीत लपवणं हा गुन्हा होता, आपल्याकडे उघडं दाखवणं हा. नागऱ्याच्या महाशिवरात्रीला मंदिराकडे लोटणारी गर्दी, तिच्यात बायाबापड्या, खांद्यावरची पोरं, प्रसादाची दुकानं; या गर्दीत कुणाच्याही कमरेला पिस्तूल दिसत नाही, आणि ते असेल अशी शंकाही कुणाच्या मनात येत नाही. आंबेडकरांचा निर्णय मला योग्य वाटतो तो या ठिकाणी. लाखभर अनोळखी माणसं एकमेकांना खेटून चालतात ती विनाशस्त्र असतात म्हणून.

पण कामतांची मागणीही निराधार नव्हती. हक्क नसला की सगळं आदेशावर येतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ सालचा. त्याच्या ३७ व्या कलमाखाली निघणारे बंदी आदेश आपल्या जिल्ह्यांतल्या वर्तमानपत्रांत सणावारांच्या आधी हटकून दिसतात. बंदुका, तलवारी, भाले, सोटे, सुरे, काठ्या, लाठ्या, आणि इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू नेण्यास मनाई. दगड जमवण्यास मनाई. त्याच ओळीत पुढे घोषणा, गाणी, वाद्यं, प्रतिमांचं प्रदर्शन, चिथावणीची भाषणंही येतात. बहुतेक आदेशांत तळाशी एक वाक्य असतं की वृद्धापकाळामुळे किंवा अपंगत्वामुळे काठी वापरणाऱ्यांना हे लागू नाही. म्हाताऱ्याच्या काठीलाही सूट लिहून द्यावी लागते, इतका पसरट हा अधिकार. कायद्याने त्याला पंधरा दिवसांची मर्यादा घातली आहे. त्यापुढे राज्य सरकारची मंजुरी लागते. मात्र एक आदेश संपतो न संपतो तोच दुसरा निघाला, तर त्या मर्यादेला काय उरलं? हत्याराच्या बंदीबरोबर घोषणेची आणि गाण्याची बंदी एका दमात येते, हे मला १८७८ ची आठवण करून देतं.

आणि शेवटी शेतकरी. १९५९ च्या कायद्याच्या १३ व्या कलमात एक तरतूद आहे, जी मंत्रालयापेक्षा झाडीपट्टीत जास्त कळते. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा, असं ते कलम सांगतं. आपल्याकडे तिला भरमार म्हणतात. नळीत वरून दारू ओतायची, चिंधी किंवा काथ्या ठासायचा, मग छर्रे, पुन्हा ठासणी, घोड्याखाली टोपी. एक बार उडाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून, तोवर डुकरांचा कळप बांधी तुडवून पसार. दरोड्याला किंवा युद्धाला हे हत्यार काय कामाचं? पण पूर्वेच्या जंगलपट्ट्यात नक्षलवादी चळवळ आली आणि भरमारही संशयात सापडली. शेजारच्या गडचिरोलीत गावकऱ्यांनी भरमार बंदुका पोलिसांकडे जमा केल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या. नवेगाव-नागझिरा २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला. वन्यजीव राखले जातात ते चांगलंच. पण धान निसवायला आलं की रात्ररात्र मचाणावर डबा वाजवत बसणाऱ्याच्या हाती भरमारही उरत नाही.

दूर कर्नाटकात कोडगूमध्ये नेमकं उलटं चित्र आहे. तिथल्या कोडवांना आणि जम्मा जमीनधारकांना इंग्रजांच्या काळापासून बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. २०१९ मध्ये केंद्राने ती दहा वर्षांसाठी वाढवली, आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. इंग्रजांनी ज्यांच्यावर भरवसा ठेवला त्यांचा भरवसा आजही चालू, आणि ज्यांची शस्त्रं काढून घेतली त्यांनी अजून अर्ज करायचा, ही गोष्ट मला खटकते. सूट सगळ्यांना द्या असं माझं म्हणणं नाही. पण गरज पाहून निर्णय व्हायचा असेल तर नागझिऱ्याच्या कडेला धान पिकवणाऱ्याची गरज कमी कशी?

१८७८ चा परवाना ही साहेबाची मर्जी होती. १९५९ च्या कायद्याने त्या मर्जीला थोडा लगाम घातला. १४ व्या कलमानुसार परवाना नाकारायचा असेल तर अधिकाऱ्याने कारणं लेखी नोंदवली पाहिजेत, आणि अर्जदाराने मागितली तर थोडक्यात कळवली पाहिजेत. लोकहितासाठी ती न सांगण्याची मुभा मात्र अधिकाऱ्याला ठेवली आहे. नकाराविरुद्ध १८ व्या कलमाखाली अपील करता येतं. आवारी चार वर्षांची शिक्षा घेऊन ज्या सरकारशी भांडले त्या सरकारकडून असं लेखी कारण मागायची सोयच नव्हती. तालुक्याच्या गावाला दोन-तीन हेलपाटे मारून, ‘पाहू’ एवढंच ऐकून परतणाऱ्या शेतकऱ्याला हे कलम ठाऊक असायला हवं. त्याने नकार तोंडी घेऊ नये, कागदावर मागावा.